जाड पडदे लावूनही खोली तापते? नवीन पडदे घेण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की पडदे शिवणाऱ्या प्रत्येकाकडे एक तक्रार हमखास येते. "गेल्या वर्षी महागाचे ब्लॅकआऊट पडदे घेतले, दुपारभर ओढून ठेवले, खोलीत अंधारही झाला, पण खोली तापायची ती तापलीच, आणि एसीचं बिलही तेवढंच आलं." मी नागपुरात पडदे, चादरी आणि गोधड्या शिवते. या तक्रारीवर बहुतेक दुकानांत "आणखी जाड कापड घ्या" एवढंच सांगतात, आणि माणूस पुन्हा पैसे घालवतो. कापडात खोट क्वचितच असते. पडदा चुकीच्या जागी असतो, त्याच्या कडा उघड्या असतात, किंवा उष्णता मुळात खिडकीतून येतच नसते. तीनही बाबतींत उपाय वेगळा आहे, आणि बऱ्याच घरांत तो जुन्याच पडद्यावर करता येतो.

कापड नक्की काय करतं

उष्णता अडवते ती कापडाने धरून ठेवलेली हवा. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि थराथरांत न हलणारी हवा कोंडलेली असते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. पाण्यातून ती त्याच्या वीसपटीहून जास्त सहजपणे जाते, म्हणून भिजलेली गोधडी ऊब देत नाही. आणि कोंडलेली हवा हलायला लागली की तिचा सगळा गुण गेला. पडद्याचं निम्मं शास्त्र एवढंच आहे: मागची हवा हलू द्यायची नाही.

उरलेलं निम्मं उन्हाचं. ऊन काचेतून उजेड म्हणून आत येतं आणि पडद्यावर आपटून त्याची उष्णता होते. ती उष्णता काचेतून सहज परत बाहेर जात नाही. म्हणजे काळा, जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण खोलीच्या आत आल्यावर अडवतो. अंधार होतो आणि पडदा स्वतः तापून खोलीभर उष्णता सोडत राहतो. मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीवर दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. चार बाय पाच फुटांच्या, म्हणजे जवळजवळ दोन चौरस मीटरच्या, साध्या काचेतून त्यातलं ७०० वॅटच्या आसपास आत येतं. एक इस्त्री तासन् तास चालू ठेवून खोलीत टांगून ठेवावी, तसं. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची पाचव्या हिश्श्याची ताकद ही एक खिडकी खाते.

आधी उष्णता कुठून येते ते शोधा

दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता, दोन्ही वेळा एसी-कूलर तासभर बंद ठेवून, तळहात लावून बघा: पडद्याला, पश्चिमेच्या भिंतीला, आणि स्टुलावर चढून छताला. दुपारी पडदा सगळ्यांत गरम लागला तर दोष खिडकीचा. दुपारी भिंत बरी, पण रात्री गरम लागली तर दोष भिंतीचा. पंखा लावला की वरून गरम वारा येतो, अशी वरच्या मजल्यावरच्या लोकांची नेहमीची तक्रार असते. तिथे दोष स्लॅबचा, आणि त्या घरात पडद्यांवर कितीही खर्च केला तरी रात्रीची झोप सुधारत नाही.

खिडकीचा दोष असेल तर आधी दिशा बघा. आपल्या राज्यात सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत शून्य सावलीचा पहिला दिवस मे महिन्यातच येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येतं. तरीही "दक्षिणेची खिडकी, म्हणून सगळ्यांत जाड पडदा" असं सांगणारे लोक रोज भेटतात. उन्हाळ्यासाठीचा पैसा पश्चिमेला घाला, उरला तर पूर्वेला. दक्षिणेच्या खिडकीचा विचार हिवाळ्यात करायचा, तोही उलट बाजूने. ते पुढे सांगते.

तक्रार: पडदा ओढला तरी खिडकीजवळ झळ लागते

ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार, आणि हिचं कारण बहुतेक वेळा पडद्याच्या कडांना असतं. हल्ली सगळीकडे रिंगांचे, म्हणजे आयलेटचे पडदे असतात. रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, पडद्याचं डोकं उघडं, बाजू उघड्या. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि पडद्याच्या डोक्यावरून खोलीत येते. तिच्या जागी खालून खोलीतली गार हवा ओढली जाते, ती पुन्हा तापते, पुन्हा वर. एसी लावलेला असेल तर तुम्ही पैसे देऊन गार केलेली हवा पडद्यामागून फिरून तापून परत येत असते.

खात्री करायची असेल तर दुपारी पंखा बंद करा आणि टिश्यू पेपरची पातळ पट्टी पडद्याच्या वरच्या कडेजवळ धरा. पट्टी वर उडत असेल तर गळती तिथेच आहे. उदबत्तीच्या धुरानेही कळतं, पण पडद्याजवळ विस्तव नको.

उपाय वरून सुरू करायचा. पेल्मेट, म्हणजे पडद्याचा रॉड झाकणारी पेटी, असेल तर ती वरून बंद आहे का ते बघा. दिसायला सुंदर पण वरून उघड्या पेट्या मी खूप घरांत बघते, त्यांचा या कामी काही उपयोग नाही. वर प्लायची पट्टी टाकली की झालं. पेल्मेट नसेल आणि करवून घ्यायची नसेल, तर भिंतीपासून रॉडच्या पुढपर्यंत येईल अशी बक्रम (ताठ राहणारं आतलं कापड) घातलेली कापडी पट्टी वेल्क्रोने भिंतीला लावा आणि पुढे तिचीच झालर सोडा. खणाच्या किंवा इरकलीच्या काठाची झालर अशा ठिकाणी फार शोभते, आणि ती शोभेबरोबर काम करते. नवीन घर असेल तर छतालाच ट्रॅक लावून पडदा थेट वरून सोडा. पेल्मेटचा प्रश्नच उरत नाही.

मग बाजू. पडदा चौकटीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा इंच जास्त हवा आणि त्याची शेवटची कड भिंतीकडे वळवून हुकाला किंवा वेल्क्रोला अडकवलेली हवी. मध्ये दोन पाखं जिथे भेटतात तिथे एकावर एक तीन-चार इंच चढवा. खाली पडदा जमिनीला टेकू द्या, किंवा छोटी खिडकी असेल तर कठड्यावर टेकू द्या; "धूळ लागते" म्हणून चार इंच वर शिवलेला पडदा खालून हवा ओढतच राहतो. दुमडीत वजनाची पट्टी घातली तर पंख्याच्या वाऱ्याने तो हलत नाही.

आता अस्तर. पुढचं कापड तुम्हाला आवडेल ते घ्या: सोलापुरी चादर, हातमाग, खण, काहीही. काम करायचं ते मागच्या कापडाने. मागे पांढरा किंवा मोतिया मांजरपाट लावा, पण तो पुढच्या कापडाला चारही बाजूंनी शिवून टाकू नका. फक्त वरून जोडा आणि खाली मोकळा सोडा, म्हणजे दोघांमध्ये हवेचा थर राहतो. घरात जुनं सुती नऊवारी असेल तर ते दुपदरी करून उत्तम अस्तर होतं; रंग मात्र फिका हवा, कारण काचेकडे तोंड करून तेच असणार आणि आलेल्या उन्हातलं जमेल तेवढं काचेबाहेर परतवणं हे त्याचं काम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार मध्यम रंगाच्या पडद्याला मागे पांढरं प्लास्टिकचं अस्तर असेल तर खिडकीतून येणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी होते. चंदेरी लेपाचं अस्तर घेतलं असेल तर चकचकीत बाजू काचेकडे ठेवा आणि मशीनमध्ये पिळू नका. लेप तडकून गळायला लागतो.

पडदा काचेला चिकटवू नका. दोन-तीन इंच जागा सोडा. रंगीत किंवा फिल्म लावलेल्या काचेला गडद कापड टेकलं तर काचेचा मधला भाग तापतो, कडा चौकटीत थंड राहतात आणि काच तडकू शकते.

पश्चिमेचं ऊन फार असेल तर कापड बाहेर न्या

वरचं सगळं नीट केलं तरी आतला पडदा साधारण तिसरा हिस्सा उष्णता वाचवतो. बाकीची काच ओलांडून आत आलेलीच असते. म्हणून माझं ठाम मत आहे की पश्चिमेच्या खिडकीला हजार रुपये खर्च करायचे असतील तर ते आधी काचेबाहेर करा. त्याच ऊर्जा खात्याच्या माहितीत पश्चिमेच्या खिडकीबाहेरच्या कापडी छपरीने उन्हाची उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते असं दिलं आहे. आतल्या पडद्याच्या दुपटीहून जास्त फायदा, तोही साध्या कापडाने.

आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको होतं. बांबूच्या चिका (काड्यांचे गुंडाळायचे पडदे), वाळ्याचे पडदे, ओट्यावर बांधलेलं तरट: उन्हाला दारातच थांबवण्याची ही जुनी सोय आहे. फ्लॅटमध्ये ग्रिल काचेच्या बाहेर असेल तर सरकती काच बाजूला करून ग्रिलच्या आतून चीक किंवा जाड सुती कॅनव्हास बांधता येतो. इमारतीचा दर्शनी भाग बदलत नाही, त्यामुळे सोसायटीचा आक्षेपही कमी येतो. वरच्या बाजूला दोन बोटं फट ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. आतल्या पडद्याला फट नको आणि बाहेरच्याला हवी, एवढा फरक लक्षात ठेवा. खालच्या दोन्ही टोकांना दोरी बांधाच. वळवाच्या वाऱ्यात सुटलेली चीक खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू शकते.

वाळ्याचा पडदा ओला ठेवला तर पाणी उडून जाताना हवा गार होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मे महिन्यातली हवा कोरडी असते, तिथे याचा गुण लगेच कळतो. मुंबईत आणि कोकणात हवेत आधीच दमटपणा असतो. तिथे वाळा भिजवू नका, कोरडी चीक पुरेशी आहे.

तक्रार: दुपार निभते, रात्री घर भट्टी होते

इथे पडद्याचा दोष नसतो. विटांच्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे ऊन उतरल्यावर भिंत आतून तापलेली लागते. स्लॅबचं तसंच. आणि त्याच वेळी बाहेरची हवा गार झालेली असते, तरी लोक पडदे ओढलेलेच ठेवतात. सूर्य मावळला, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की पडदे पूर्ण बाजूला करा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडा. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा बंद. उन्हाळ्यात पडद्याची वेळ पाळणं हे त्याच्या जाडीइतकंच महत्त्वाचं आहे.

भिंतीवर गोधडी टांगावी का, असं हल्ली बरेच जण विचारतात. टांगा, सुंदर दिसते. पण कशासाठी टांगता ते स्पष्ट ठेवा. आतून टांगलेली गोधडी भिंतीला तापण्यापासून वाचवत नाही. तापलेल्या भिंतीची धग तुमच्यापर्यंत पोचू देत नाही, एवढंच. त्या खोलीत रात्री एसी चालत असेल तर तिचा फायदा आहे. नुसत्या पंख्यावर झोपत असाल तर थोडाच. टांगताना भिंतीवर आधी इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका आणि गोधडी तिच्यावर चारही बाजूंनी ताणून बसवा, म्हणजे मागची हवा कोंडलेली राहील. एका खिळ्यावर लोंबकळणारी गोधडी फक्त शोभेची.

पत्र्याच्या घराचं मात्र वेगळं आहे, तिथे कापड खरोखर खूप करू शकतं. पत्रा उन्हात इतका तापतो की त्याची धग सरळ डोक्यावर येते. त्याच्याखाली फूटभर अंतर सोडून फिक्या रंगाचा चांदवा ताणला तर ती धग कापडावर अडते. पत्रा आणि चांदवा यांच्यामधली हवा दोन्ही टोकांना बाहेर पडायला वाट ठेवा. त्याआधी पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना मारला तर निम्मं काम तिथेच होतं, आणि तो खर्च चांदव्याच्या आधी करावा असं मी सगळ्यांना सांगते. कापड वायर, बल्बचा होल्डर, पंख्याचा दांडा आणि चूल यांपासून दूर हवं. सुती कापड पटकन पेटतं. लोकरीची घोंगडी त्या मानाने लवकर पेट घेत नाही.

तक्रार: कूलर चालू, पडदे बंद, तरी चिकचिक

कूलर असलेल्या खोलीत वरचे नियम लागू होत नाहीत. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट लागते. सगळ्या फटी बंद केल्या तर दमटपणा कोंडतो आणि कूलरच्या गवताच्या ताट्या कितीही नव्या असल्या तरी गारवा येत नाही. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा आणि तिथे पडदा नको. बाहेरची चीक मात्र कूलरच्या घरातही चालते.

एसीच्या खोलीत वेगळी भानगड होते. खिडकीच्या वर बसवलेल्या एसीच्या तोंडावर पेल्मेट किंवा पडदा येत असेल तर गार हवा तिथेच फिरते, आतल्या युनिटमधल्या सेन्सरला खोली गार झाली असं वाटतं आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होतो. खोली तापलेलीच. पडदा त्या बाजूला आखूड करा.

पैशांचं खरं सांगते. त्या एका पश्चिमेच्या खिडकीची उष्णता काढायला एसीला दिवसाला साधारण पाऊण युनिट लागतं, म्हणजे महिन्याला वीस-बावीस युनिटं. चांगला आतला पडदा त्यातली सात वाचवेल, बाहेरची चीक पंधरा-सोळा. एवढ्यासाठी दहा हजारांचे पडदे घेऊ नयेत. मोठी बचत दुसरीकडे आहे: तापलेला पडदा आणि भिंत यांची धग अंगावर येत नसेल तर माणसाला २२ ऐवजी २५-२६ वर बरं वाटतं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी मुळातच २४ वर लावून येतात. पडदे नीट केल्यावर रिमोटवरचा आकडा वर नेला नाही, तर बिलात फारसा फरक दिसणार नाही.

गालिचा, सतरंजी आणि थंडी

उन्हाळ्यात तळमजल्यावरची शहाबादी किंवा कोटा फरशी झाकू नका. खालची जमीन गार असते आणि ती फरशी आपली उष्णता ओढून घेते. तिच्यावर गालिचा टाकणं म्हणजे फुकटचा गारवा बंद करणं. गालिचे, जाजमं, सतरंज्या दिवाळीनंतर काढा.

निफाड, महाबळेश्वर किंवा आमच्या विदर्भातल्या डिसेंबरच्या रात्री हेच कापड उलट्या कामाला लागतं. आता दक्षिणेच्या खिडकीची पाळी: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं. दिवसा तिचा पडदा पूर्ण उघडा, ऊन फरशीवर पडू द्या, आणि मावळतीला लगेच बंद करा. कडा बंद करण्याचा नियम तसाच राहतो, फक्त हवेची फिरकी उलटी होते: काचेजवळ गार झालेली हवा खाली उतरते आणि पडद्याखालून पायांवर येते.

लंडन, टोरांटोकडे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी. रेडिएटर खिडकीखाली असेल तर पडदा त्याच्यावरून खाली सोडू नका, नाहीतर सगळी ऊब काचेला मिळते. पडदा कठड्यावर टेकवून थांबवा. आणि जाड पडद्यामागची काच रात्री इतकी थंड होते की तिच्यावर पाणी धरतं. सकाळी पडदा उघडून काच पुसा, नाहीतर चौकटीला आणि अस्तराला बुरशी लागते.

बुरशीचं हेच संकट आपल्याकडे पावसाळ्यात येतं, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत. बाहेरच्या भिंतीला ओल येते हे माहीत असेल तर तिच्यावरची गोधडी आणि चौकट जूनचा पाऊस लागायच्या आत उतरवा. अस्तर वेगळं काढून धुवा, गोधडी दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट करा, पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पेटीत ठेवू नका. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती चादरीत बांधा. चीक मात्र पावसाळाभर लावून ठेवली तर बांबूला भुंगा लागतो. तीही गुंडाळून कोरड्या जागी उभी ठेवा.